पेटी आधी घरी आणा

‘ताई, मी सेलू तालुक्यातला. एसटीत कंडक्टर होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. पेटी वाजवायची हौस लहानपणापासूनची. पैसे आले तशी पेटी घेतली, क्लास लावला. तिथं सगळी तिसरी-चौथीतली पोरं. ती पटापट वाजवतात, माझी बोटं एकमेकांत अडकतात. बायको रोज हरिपाठाला जाते, पण मला म्हणते, या वयात हा कसला नाद? म्हणून पेटी शेतातल्या आखाड्यावर ठेवलीय, तिथंच वाजवतो. सोडून द्यावं का?’

रामराम भाऊ,

सोडू नका. पण पेटी आधी घरी आणा. आखाड्यावर भाता उंदरांच्या तावडीत सापडतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली लाकूड तडकलं की हवा गळते. मग कितीही भाता मारा, सूर धाप लागल्यासारखा निघतो.

पोरांची बोटं पळतात हे खरं. तुमची तशी पळणार नाहीत, खोटी आशा लावत नाही. पण अभंगाच्या साथीला पळापळ कुठं असते? सूर धरून ठेवायचा आणि गाणारा श्वास कुठं घेतो ते ऐकायचं. चालत्या गाडीत एक हात पैशाच्या पिशवीत, दुसरा तिकिटांवर, अशी वर्षं काढलीत तुम्ही. डाव्या हातानं भाता आणि उजव्यानं पट्ट्या हे जमेल.

बोटं अडकतात त्यावर एक युक्ती. सा काळी तीनचा धरा, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातली पहिली पट्टी. भूप रागाचे पाचही स्वर, सा रे ग प ध, काळ्या पट्ट्यांवरच येतात. पांढऱ्यांकडं बघायचंसुद्धा काम नाही. पंधरा दिवस तेवढंच, सावकाश, तोंडानं स्वर म्हणत. मोबाईलवरचे पट्ट्यांचे नंबर पाठ करू नका. नंबर पाठ होतात, कान कोराच राहतो. आणि मास्तरांनी परीक्षेचं काढलं तर घाई करू नका. मी पन्नाशीत तबला शिकत होते, प्रारंभिकच्या फॉर्मनंच माझी हौस घालवली. तबला आता टीव्हीशेजारी ओढणी पांघरून बसलाय.

‘कसला नाद’ ऐकून वाईट वाटलं? पेटीला नावं ठेवून घ्यायची सवय आहे. 1940 साली रेडिओनं तिला स्टुडिओबाहेर काढलं, तीसेक वर्षं ती बाहेरच होती. देवळातल्या भजनातून मात्र तिला कुणी हलवलं नाही.

आता वहिनींचं. ‘पैसे आले तशी पेटी घेतली’ असं लिहिलंत. कुणाला विचारून, ते लिहिलं नाहीत. रिटायरमेंटच्या पैशातून न विचारता आलेली वस्तू बाईला सवतीसारखी दिसते, मग ती पेटी असो की म्हैस. ‘कसला नाद’ हे मला तुमच्या वयावरचं बोलणं वाटतच नाही, हिशोबावरचं वाटतं. किंमत सांगा. चुकलं म्हणा. एका बोलण्यात भागणार नाही, चार दिवस घुमतील, घुमू द्या.

मग एखाद्या संध्याकाळी त्यांना हरिपाठातली एक ओळ म्हणायला लावा आणि पेटीवर त्यांचा सा शोधा. तुमचा पांढरी एक-दोनच्या आसपास असेल, त्यांचा काळी चार-पाचकडं जाईल. त्यांना तुमच्या पट्टीत ओढू नका, तुम्ही तिकडं जा. कोणती पट्टी निघाली ते मला कळवा.

— ताई