मुक्त झालेल्या कुटुंबांचा इतिहास: ग्रंथालयात साधने कशी शोधावीत

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांचा विषय तुम्ही निवडला आहे, तेव्हा केवळ पुस्तकांची नावे शोधत बसू नका. एक चांगले पुस्तक हाती आले की तालिकेतील त्याच्या नोंदीतले विषयशीर्षक पाहून त्यानेच पुन्हा शोध घ्यावा, आणि त्याच्या तळटिपा ओळ न ओळ वाचाव्यात, कारण मूळ कागदपत्रे कोणत्या संग्रहात आहेत हे तिथेच कळते. फ्रीडमेन्स ब्यूरो, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीचा सरकारी विभाग, मार्च १८६५ मध्ये युद्धखात्याच्या अखत्यारीत स्थापन झाला. त्याचे मजुरीचे करार, विवाहनोंदी आणि तक्रारी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेखगट १०५ मध्ये (कागदपत्रांच्या क्रमांकित संचात) आहेत, आणि माझ्या मते तुमची खरी सुरुवात तिथूनच व्हावी. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाकडे १९३६ ते १९३८ या काळात नोंदवलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्यांच्या २,३०० हून अधिक आठवणी आहेत. त्या अमूल्य आहेत. परंतु सांगणारे अतिशय वृद्ध आणि लिहून घेणारे बहुतांशी गोरे होते, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा आधार घ्यावा. ग्रंथपालांकडे मात्र नुसता विषय घेऊन न जाता नेमका परगणा, नेमकी वर्षे आणि एक प्रश्न लिहून न्यावा.