रविवारी डोकं का दुखत नाही?

प्रश्न: मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री घेऊन. तिचे बाबा कुंडईला एका कारखान्यात रंगकामावर. संध्याकाळी डोकं धरूनच घरी येतात. रविवारी मात्र काही नाही. हे तिनेच हेरलं, आणि आता म्हणते, कारखान्यातली हवा तपासायचंच काम करणार. असं करिअर असतं का? – एक आई, फोंडा

उत्तर: ताई, असतं. इंडस्ट्रियल हायजीन म्हणतात त्याला. आणि पहिला धडा लेकीने घरीच गिरवलाय: कामावर त्रास, सुट्टीत आराम. तपासणी इथूनच सुरू होते.

यंत्र नंतर येतं. कामगाराच्या कमरेला हवा ओढणारा छोटा पंप, कॉलरला नाकाजवळ बोटाएवढी काचेची नळी. नळीत कोळसा, तोही नारळाच्या करवंटीचा! पुढे 100 मिलिग्रॅम, मागे 50. थिनरची वाफ पुढच्या कोळशात अडकते. मागच्यातही बरीच सापडली तर काही वाफ निसटली असणार, म्हणून नमुना बाद. मग लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून मोजणं. पण डबे उघडेच राहतात का, हात थिनरनेच धुतात का, हे नळी सांगत नाही. ते तिथे उभं राहून बघावं लागतं.

शिवाय आकडा आला की निकाल लागला, असंही नाही. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनसाठी 1948च्या कारखाना कायद्याच्या (तो 2025 पर्यंत लागू होता) अनुसूचीत आठ तासांची सरासरी मर्यादा 100 पीपीएम होती, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या तज्ज्ञसंस्थेची शिफारस 20. मोजणीत 60 आले तर? त्या कायद्याच्या मर्यादेत बसतं, माणसाला मात्र सोसेलच असं नाही. हे मॅनेजरसमोर शांतपणे मांडता यायला हवं.

नोकरीचं खरं सांगतो. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत जाहिरात निघते ती ‘ईएचएस’ची (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा), त्यात हेल्मेट, परमिट, फायर ड्रिल सगळं आलं. निव्वळ हवा मोजण्याच्या जागा थोड्या. म्हणून आधी ताळगावला गोवा विद्यापीठात केमिस्ट्रीची एम.एस्सी., मग लॅबचा अनुभव, मग मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचे अभ्यासक्रम बघावेत. ‘सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर’वाल्यांकडे फिरकूही नका.

आता बाबांचं. करिअर होईल तेव्हा होईल, डोकं आज दुखतंय. थिनरच्या डब्यावरचं नाव लिहून आणायला सांगा आणि ते डॉक्टरांना दाखवा. कंपनीत हवेच्या मोजणीचा अहवाल मागू द्या. टाळाटाळ झाली तर पणजीत आल्तिनोला फॅक्टरीज अँड बॉयलर्सचं, म्हणजे कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, कार्यालय आहे; तिथे तक्रार करा. आणि लेकीला एक वही द्या. कोणत्या दिवशी कुठलं काम होतं, किती वाजता दुखायला लागलं, महिनाभर लिहू दे.