वाचकांचे प्रश्न : गाणे आणि चित्रपट, अ‍ॅम्प्लिफायर एक की दोन?

प्रश्न : आमच्या फ्लॅटचा हॉल ११ बाय १६ फुटांचा आहे. माझ्याकडे दोन फ्लोअर स्पीकर आहेत (८ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल). त्यांचा जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आता दुरुस्तीपलीकडे गेला आहे. मी रोज शास्त्रीय गायन ऐकतो, तर मुलांना चित्रपटांसाठी पाच स्पीकर आणि सबवूफर हवा आहे. एक विक्रेता म्हणतो, ‘१४० वॅटचा एव्ही रिसीव्हर (टीव्हीला जोडून अनेक स्पीकर एकत्र चालवणारे यंत्र) घ्या, दोन्ही कामे होतील.’ दुसरा म्हणतो, ‘गाण्यासाठी रिसीव्हर घेणे म्हणजे पैसे पाण्यात.’ कोणाचे ऐकावे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दोघांचेही पूर्ण ऐकू नये. पहिल्या विक्रेत्याचा आकडा आधी तपासून घ्या. रिसीव्हरच्या खोक्यावर ठळक छापलेले वॅट बहुधा एकच चॅनल (म्हणजे एकाच स्पीकरचा मार्ग) चालू ठेवून, ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वरासाठी आणि १० टक्क्यांपर्यंत डिस्टॉर्शन (आवाजातील विकृती) चालवून घेऊन मोजलेले असतात. माहितीपत्रकात ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल’ अशी ओळ शोधावी. तेथे हाच आकडा पुष्कळदा निम्म्यावर आलेला दिसतो. पाचही चॅनल एकदम चालू लागले की तो आणखी खाली येतो, कारण सर्वांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो.

तरीही आपल्या बाबतीत यात घाबरण्यासारखे काही नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. आपले स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतात. दहा फुटांवर बसून विलंबित ख्याल ऐकताना सरासरी एक वॅटही लागत नाही, आणि तबल्याच्या जोरकस ठोक्याला क्षणभर दहा-वीस वॅट लागले तरी ते कोणताही बरा रिसीव्हर देऊ शकतो. चित्रपटांतील खालच्या स्वरांचा भार तर सबवूफर उचलतो. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच पेटीत असतो, आणि रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवला की मुख्य चॅनलवरचा ताण पुष्कळ हलका होतो. स्पीकर ४ ओहमचे असते, तर मात्र माझे उत्तर वेगळे झाले असते; तेथे स्वस्त रिसीव्हर लवकर तापतात.

दुसऱ्या विक्रेत्याचे म्हणणे मला अधिक खटकते. चांगल्या रिसीव्हरचा ‘डायरेक्ट’ मोड (आवाजावर कोणतीही प्रक्रिया न करता तो थेट वाजवण्याची सोय) आणि त्याच किमतीचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर यांच्यातील फरक दुकानात सांगतात तेवढा नसतो. दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज नेमका सारखा ठेवायला सांगा, कारण डेसिबलभर मोठे वाजणारे यंत्र कानाला हमखास ‘अधिक खुले’ वाटते. ध्वनिमुद्रण आपले, रोजच्या ऐकण्यातले न्यावे.

त्याहून मोठा फरक हॉल पाडतो. आपल्या हॉलच्या १६ फूट लांबीमुळे ३५ आणि ७० हर्ट्झच्या आसपास, तर ११ फूट रुंदीमुळे ५१ आणि १०२ हर्ट्झच्या आसपास स्वर साचतात. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेला घिस्सा लक्ष देऊन ऐका: त्याचा एखादा टप्पा अचानक फुगतो आणि पुढचा गायब होतो, असे झाले तर दोष खोलीचा आहे आणि तो अ‍ॅम्प्लिफायर बदलून जाणार नाही. रिसीव्हरसोबत मिळणारा मायक्रोफोन लावून केलेली रूम करेक्शन (खोलीचा परिणाम मोजून आवाजात केलेली दुरुस्ती) अशा ठिकाणी उपयोगी पडते. ‘डायरेक्ट’ मोडमध्ये ती करेक्शन आणि बहुतेक वेळा सबवूफरही बंद होतो, म्हणून गाणे दोन्ही प्रकारे ऐकून पाहावे. शुद्धतेचा हट्ट धरून ‘डायरेक्ट’लाच चिकटून राहू नये.

माझा सल्ला असा की, पुढच्या डाव्या-उजव्या चॅनलसाठी प्री-आउट (दुसऱ्या यंत्राकडे सिग्नल पाठवण्याची जोडणी) असलेला रिसीव्हर आता घ्यावा आणि काही महिने त्यावरच गाणे ऐकावे. समाधान झाले तर दुसऱ्या यंत्राचा खर्च वाचला. नाही झाले, तर ‘एचटी बायपास’ किंवा ‘मेन इन’ सोय (बाहेरून आलेला सिग्नल स्वतःच्या व्हॉल्यूमला वगळून थेट घेणारे इनपुट) असलेला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर नंतर जोडता येतो. मग पुढच्या दोन स्पीकरच्या तारा फक्त स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या आणि रिसीव्हरचे प्री-आउट त्याच्या बायपासला द्यायचे. चित्रपटाच्या वेळी व्हॉल्यूम रिसीव्हरच्या हाती राहतो. गाणे ऐकताना रिसीव्हर बंद ठेवला तरी चालते. या जोडणीनंतर मायक्रोफोनची मोजणी पुन्हा करणे आवश्यक आहे.

बायपास नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटवरही काम भागते, पण तेव्हा व्हॉल्यूमचे बटण दर वेळी एकाच खुणेवर आणावे लागते, आणि घरातल्या कोणी ते वर ठेवून चित्रपट लावला तर ट्वीटरवर (उंच स्वर वाजवणाऱ्या नाजूक भागावर) बेतते. एकाच स्पीकरला दोन्ही यंत्रांच्या तारा एकदम जोडणे तर कटाक्षाने टाळावे. त्यात दोन्ही यंत्रे जळू शकतात.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून येताना रिसीव्हर आणणार आहे, तेथे तो स्वस्त मिळतो. आणावा का? (एक वाचक, औंध)

उत्तर : मागच्या पट्टीवर काय छापले आहे, ते मुलाला आधी वाचायला सांगा. तेथे केवळ ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल, तर आपल्या २३० व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो पट्टीवरील वॅटपेक्षा बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा हवा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण आपले ५० हर्ट्झ तसेच राहतात. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर त्यावर अधिक तापतो. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी येथे लागू होत नाही. मुलाच्या सामानातील वजन आणि येथे ट्रान्सफॉर्मरसाठी होणारा खर्च धरला, तर मला हा व्यवहार फायद्याचा वाटत नाही.

प्रश्न : टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरला जोडल्यापासून स्पीकरमधून घूंऽऽ असा सतत आवाज येतो. रिसीव्हर सदोष आहे का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : बहुधा नाही. सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची गोल तार क्षणभर काढून पाहा. आवाज थांबला, तर तो ग्राउंड लूप आहे: केबलचे अर्थिंग आणि आपल्या घराचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने तारेच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. त्या तारेवर ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. तो पुण्यातील तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून पाहावा. काही इलेक्ट्रिशियन अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगतात. आवाज त्यानेही थांबतो, परंतु बिघाड झाल्यास यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरून धक्का बसू शकतो. ती पिन कधीही काढू नये.