"परिस्थितीच तशी होती" म्हटलं की सगळं माफ?

प्रश्न: ताई, तुमचं सदर नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. चार वर्षांपूर्वी बाबा अचानक खूप आजारी पडले तेव्हा दादाने माझ्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली, मला न विचारता, माझी खोटी सही करून. बाबा वाचले म्हणून मी तेव्हा काहीच बोलले नाही. नंतर कळलं की बाबा घरी आल्यावरही वर्षभर तो त्याच पैशातून काढत होता, स्वतःच्या क्रेडिट कार्डाचं बिल भरलं, नवीन फोनसुद्धा घेतला. विचारलं की म्हणतो, "माझ्यावर काय वेळ आली होती ते तुला नाही कळणार." आई म्हणते परिस्थितीने करायला लावलं, तो काय मुळात वाईट आहे का, सोडून दे आता. माझं अ‍ॅडमिशन वर्षभर लांबलं त्याचं कोणी नावच काढत नाही. परिस्थिती वाईट असली की माणसाला काहीही माफ असतं का? की मीच दगडाच्या काळजाची आहे?
– एक धाकटी बहीण

उत्तर: दगडाच्या काळजाची असतीस तर बाबा हॉस्पिटलमध्ये असतानाच भांडली असतीस. तेव्हा गप्प बसलीस ना, मग तो विषय इथेच संपला.

आता मुद्द्याचं. "परिस्थितीच तशी होती" हे वाक्य फार लबाड आहे, कारण त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी लपतात. एक, मी केलं ते त्या वेळी बरोबरच होतं. दोन, चूक होतं पण माझा इलाज नव्हता, मला दोष देऊ नका. तीन, चूक होतं, दोषही माझाच, पण जरा सांभाळून घ्या. पहिल्या दोघांतला फरक जे. एल. ऑस्टिन नावाच्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५६ सालीच एका व्याख्यानात नीट उलगडून दाखवला होता, पण घरातल्या भांडणात इतकं कोण बघतं, आपण तिन्ही एकाच पिशवीत कोंबतो आणि समोरच्याच्या अंगावर फेकतो. (मी पण फेकते, उगाच साळसूदपणा नको.)

तुझं पत्र वाचताना मला छांदोग्य उपनिषदातला उषस्ती आठवला. कुरुदेशात पिकं बुडालेली, हा विद्वान माणूस उपाशी. एक जण उडीद खात बसलेला दिसतो, त्याच्याकडे हा मागतो. तो म्हणतो माझ्याकडे एवढेच आहेत आणि ते उष्टे आहेत. उषस्ती म्हणतो चालतील, दे. खातो. मग तो माणूस पाणीही पुढे करतो तर उषस्ती नको म्हणतो, का तर ते उष्टं! समोरचा चक्रावतो, अहो मग उडीद उष्टे नव्हते का? त्यावर उषस्तीचं उत्तर असं की ते खाल्ले नसते तर मी जगलोच नसतो, पाणी काय मला हवं तिथे मिळतं.

उष्ट्याचे नियम बाजूला ठेव, आज त्यांच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, पण माफी कुठे थांबते ते त्याने किती नेमकं धरलंय बघ. जिथे गरज संपली तिथेच सवलत संपली, एक घोटही पुढे नाही. आणि आणखी एक, त्याने उडीद मागून घेतले, हिसकावले नाहीत.

दादाचं बघ आता. बाबांसाठी मोडलेली एफडी म्हणजे उडीद. क्रेडिट कार्ड आणि फोन म्हणजे पाणी. तो मात्र उडदाचं कारण सांगून पाणी पितोय, आणि तुला जे खुपतंय ते हेच, पैसे गेल्याचं दुःख त्यामानाने कमी असणार.

आईच्या म्हणण्यातही तथ्य आहे पण, ते मी उडवून लावणार नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, डार्ली आणि बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं आणि वाटेत एक माणूस विव्हळत बसवला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना "उशीर झालाय, पळा" सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १०. नुसत्या घाईने एवढा फरक पडतो, मग हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रात्र रात्र काढणाऱ्या मुलाचं डोकं किती ठिकाणावर असेल? म्हणून खोट्या सहीबद्दल मी दादाला अर्धी माफी देईन. अर्धीच, कारण तुला एक फोन केला असता तर तू नाही म्हणाली असतीस का? गरज पैशांची होती, खोट्या सहीची नव्हती.

आणि परिस्थिती कितीही भयंकर असली तरी दोष पुसला जातोच असं नाही. १८८४ मध्ये मिन्योनेट नावाची बोट बुडाली, चार जण छोट्या होडीत अडकले, अन्नपाणी संपलं, तेव्हा कप्तान डडली आणि स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या १७ वर्षांच्या पोराला मारून खाल्लं. लोकांची सहानुभूती त्यांच्याच बाजूने होती. तरी इंग्लंडच्या कोर्टाने खून तो खूनच म्हणत फाशी सुनावली आणि मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली. म्हणजे शिक्षा अगदी कमी झाली पण केलं ते चूक होतं हे कोणी मागे घेतलं नाही. ही तिसरी तऱ्हा. तुझ्या घरात तीच कोणाला सुचत नाहीये, एकीकडे "तो वाईट" आणि दुसरीकडे "सोडून दे", मधलं काही नाहीच.

तर असं कर. खात्याचं स्टेटमेंट काढ, बाबांना डिस्चार्ज मिळाला त्या तारखेवर एक रेघ मार आणि दादासोबत एकटी बस, आईला त्यात घेऊ नकोस, ती लगेच वकिली करेल. रेघेच्या वरचं तुला नकोय असं आधीच सांगून टाक, म्हणजे त्याची "वेळ आली होती" ची टेप सुरूच होणार नाही. रेघेच्या खालचं त्याने परत करायचं, हप्त्याहप्त्याने का होईना. सहीबद्दल मात्र त्याच्याकडून सॉरी म्हणवून घे, स्पष्ट, "पण" शिवाय.

आईला एवढंच सांग की दादा वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, म्हणून तर त्याच्याकडे मागतेय.

लांबलेलं वर्ष काही परत येणार नाही. पण त्याचा विषय तू स्वतः काढ, तो काढेल म्हणून वाट बघू नकोस. काय झालं ते कळव.