परदेशात गेलं की रंगभेद सुटतो का?

प्रश्न : अमेरिकेतले बरेच काळे खेळाडू आधीपासून परदेशात जाऊन खेळत आलेत. माझा मित्र म्हणतो सगळे पैशासाठी गेले, मी म्हणतो मान मिळत होता म्हणून गेले. कोण बरोबर? आणि तिकडे खरंच रंगभेद नव्हता का?
– एक वाचक

उत्तर : दोघेही बरोबर, पण अर्धे अर्धे. पैसा तर होताच हो, तो का नको? 1940 च्या दशकात मेक्सिकोचा श्रीमंत बेसबॉलवाला होर्हे पास्केल काळ्या खेळाडूंना अमेरिकेतल्या निग्रो लीगपेक्षा (तेव्हा काळ्यांना गोऱ्यांच्या लीगमधे घेत नव्हते, म्हणून त्यांची वेगळी बेसबॉल लीग) जास्त पगार देत होता. पण विली वेल्स नावाचा जबरदस्त शॉर्टस्टॉप (बेसबॉलमधली फील्डिंगची एक जागा) तिथे खेळायला गेला आणि 1944 मधे तो एका पत्रकाराला काय म्हणाला, तर इथे मी माणूस आहे, हवं त्या हॉटेलात जातो, हवं तिथे राहतो. पगाराचा विषय त्याने मुख्य केलाच नाही.

त्याच्याही खूप आधीचा मेजर टेलर (मेजर हे नावच, फौजेतला नव्हे), अमेरिकेतला काळा सायकलपटू, 1899 चा वर्ल्ड चॅम्पियन. 1897 मधे मॅसॅच्युसेट्समधल्या एका रेसनंतर मागे पडलेल्या गोऱ्या सायकलपटूने त्याला सायकलवरून खाली ओढून इतका गळा आवळला की तो बेशुद्ध पडला, आणि शिक्षा काय तर 50 डॉलर दंड! हाच टेलर 1901 मधे पॅरिसला गेला. तो धार्मिक, रविवारी रेस करायचाच नाही, तर आयोजकांनी चक्क दुसरे वार ठरवले. फ्रान्सच्या जाकलँकडून पहिल्या लढतीत थंडीत हरला, अकरा दिवसांनी परत भिडले तेव्हा जिंकला, आणि कमरेला खोचलेला छोटा रेशमी झेंडा काढून ट्रॅकभर फडकवत फिरला. झेंडा कुठला, तर अमेरिकेचाच! मला ही गोष्ट आठवली की काय म्हणावं कळत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नव्हता असं अजिबात नाही. ऑस्ट्रेलियाने 1901 मधेच गोरे सोडून इतरांना देशात शिरू न देणारा कायदा केला होता, आणि त्याच ऑस्ट्रेलियाने टेलरला भरपूर पैसे देऊन बोलावलं, डोक्यावर घेतलं, त्याने मुलीचं नाव सुद्धा सिडनी ठेवलं. म्हणजे पाहुणा चालतो, कायमचा राहायला आलेला चालत नाही. त्यात 1904 मधे अमेरिकेचेच गोरे सायकलपटू तिथे पोचले आणि रेसमधे टोळी करून त्याची वाट अडवायला लागले, म्हणजे घरचा त्रास बोटीत बसून मागोमाग आला की!

जपानचं प्रकरण थोडं वेगळं आहे. 2001 मधे टफी रोड्स या अमेरिकेतल्या काळ्या बेसबॉलपटूने तिथे एका सीझनला 55 होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर, आपला सिक्सर जसा) मारून जपानचा लाडका खेळाडू सदाहारू ओहच्या 1964 च्या विक्रमाची बरोबरी केली, आणि ओह स्वतः मॅनेजर असलेल्या टीमविरुद्ध मॅच आली तेव्हा रोड्सला मारता येईल असे बॉलच टाकेनात, सगळे लांब लांब. वैतागून तो लांबच्या बॉलवर पण बॅट फिरवत होता. पण याला थेट रंगभेद म्हणायची मी घाई करणार नाही, कारण 1985 मधे रँडी बास हा अमेरिकन खेळाडू 54 होमरनवर होता तेव्हा त्याच्याशी पण हेच केलं होतं आणि तो गोरा होता. तिथे आधी परका मोजला जातो, रंग नंतर.

शेवटी मित्राला वॉरेन मूनचं विचारा. अमेरिकन फुटबॉलवाला, 1978 मधे रोज बोल या कॉलेजच्या मोठ्या मॅचचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर झालेला माणूस, पण काळा क्वार्टरबॅक (टीमचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) नको, जागा बदल असं त्याला सांगत होते आणि एनएफएल या तिथल्या मोठ्या लीगच्या ड्राफ्टमधे, म्हणजे नवे खेळाडू निवडतात त्यात, कोणी मनासारखं घेईल असं दिसत नव्हतं. तो कॅनडात एडमंटनला गेला, टीमने सलग पाच ग्रे कप (तिथल्या फुटबॉलचं विजेतेपद) जिंकले, आणि मग 1984 मधे एनएफएलच्या ह्यूस्टन टीमने क्वार्टरबॅक म्हणूनच बोलावून घेतला. आता तो कॅनडात पैशासाठी गेला होता की मानासाठी, तुम्हीच दोघं बसून ठरवा.