रामकुंडावरून कुलाब्याला नेलेला माणूस

प्रश्न : माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाला १८९४ च्या सुमारास रामकुंडावर पोलिसांनी धरलं आणि कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं, एवढंच घरात सांगतात. एका जीर्ण कागदावर ‘कारण : गांजा’ असं आहे. वडील म्हणतात, गंजेडी माणसाची कसली चौकशी? मला मात्र त्यांचं पुढे काय झालं ते हवंय.
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : ताई, आधी त्या ‘गांजा’ शब्दावरचा विश्वास काढून टाका. १८५८ च्या कायद्यानं भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे नेत, डॉक्टरचा दाखला होई आणि रवानगी होई. सोबतच्या कागदात कारणाचा रकाना असे. घरचं कुणी जवळ नसलं, तर पोलीस सांगतील ते त्यात पडे. बैराग्यांच्या घोळक्यात सापडला, लिहा गांजा! १८९३-९४ मध्ये सरकारनंच नेमलेल्या आयोगानं इस्पितळांतली अशी प्रकरणं पुन्हा तपासली, तेव्हा कितीतरी ठिकाणी त्या रकान्याला आधारच सापडला नाही. तो शब्द तुमच्या घरानं सव्वाशे वर्षं डाग म्हणून सांभाळला, याचं मला फार वाईट वाटतं.

मुंबई इलाख्यातल्या या इस्पितळांचे वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं इंटरनेटवर खुले केले आहेत. त्यांतल्या तक्त्यांत नावं नाहीत. किती आले, किती बरे होऊन सुटले, किती दगावले, हे कळतं. नावासाठी मुंबईला काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात बसावं लागेल. तिथे आडनावावर अडून राहू नका. त्या काळी ‘राघो बिन सखाराम’ (म्हणजे सखारामचा मुलगा राघो) अशीच नोंद अनेकदा असे, म्हणून पणजोबांच्या वडिलांचं नाव पाठ असू द्या. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. तोवर पणजोबांचे भाऊ हयात असतील, तर तिथेही लेखी अर्ज करून पाहा.

पण मी तुमच्या जागी असते, तर सुरुवात घराजवळूनच केली असती. माझ्या आजीचे मामा असेच नेले होते, ‘तिकडेच गेले’ म्हणायचे सगळे. आमच्या तीर्थोपाध्यायांनी लाल फडक्यातली नामावळी, म्हणजे तीर्थाला आलेल्या घरच्या माणसांच्या नोंदींची वही, सोडली. मोडी अक्षर, कडा वाळवीनं खाल्लेल्या. नेल्यानंतर सहा वर्षांनी आईच्या श्राद्धाला आलेल्यांत मामांचं नाव होतं, पुढे ‘खुद्द’, म्हणजे स्वतः हजर, आणि खाली त्यांच्याच हातची वाकडीतिकडी सही. म्हणजे ते परत आले होते! मी त्या सहीवर बोट ठेवून कितीतरी वेळ तशीच बसले होते.

मूळ गाव आणि आडनाव सांगितलंत, की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते रामकुंडावर कळेल. मोडी वाचणारं कुणी सोबत न्या आणि १८९४ नंतरची पानं एकेक करून पाहा. त्यांचं नाव आलेल्यांत आहे की ज्यांना पिंड दिले त्यांच्यात, ते आधी बघा.