गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते: नवी घेण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गल्लीत उघड्यावर लावलेली. रोजच्या कामाला दुचाकी, त्यामुळं गाडी आठवड्यातून एक-दोनदाच निघते. चार महिन्यांपूर्वी नवी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी टाकली, तरी तीन-चार दिवसांनी सेल्फ मारला की नुसतं टकटक. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चांगली आहे, मिस्त्री म्हणतो अल्टरनेटर (चालू इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा भाग) बदला.

या दोघांपैकी कुणी मीटर लावून आकडा सांगितल्याचं तुमच्या लिहिण्यात नाही. तोपर्यंत खिशातून एक रुपया काढू नका. साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्ट, करंट मोजणारं छोटं यंत्र) पाचशेच्या आत येतो, आणि या दुखण्याचं निदान जवळजवळ सगळं त्याच्यावर होतं.

बॅटरी वारंवार उतरण्यामागं तीनच गोष्टी असतात. गाडी चालताना ती पुरेशी भरत नाही, भरलेली वीज गाडी उभी असताना कुठंतरी झिरपते, किंवा बॅटरीलाच साठवता येत नाही. चालू गाडीत दिवे मंद होत नाहीत, डॅशबोर्डवर लाल बॅटरीचा दिवा लागत नाही आणि त्रास फक्त उभ्या गाडीला होतो, म्हणजे संशय झिरपण्यावर जातो. तरीही क्रमानं जा.

पहिलं काम, बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्या. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर केलेली कुठलीही चाचणी फसवी असते. करंट क्षमतेच्या साधारण दहावा भाग ठेवायचा, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. जागा मोकळी हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. चार्जरचे चिमटे लावताना-काढताना त्याचं बटण बंद असू द्या. जंप स्टार्ट करून (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर गाडी सुरू करून) हायवेनं कागलला जाऊन आलं की बॅटरी भरली, हा समज चुकीचा आहे. लेड-ॲसिड बॅटरी पहिला मोठा हिस्सा लवकर घेते, पण शेवटचे वीस-पंचवीस टक्के फार सावकाश, कित्येक तास घेते. राजारामपुरी ते रंकाळा अशा फेऱ्यांत ते टक्के कधीच भरत नाहीत. सेल्फ मारायला फार वीज जाते असं लोक म्हणतात, ते खरं नाही. दीडशे अँपिअर तीन सेकंद म्हणजे जेमतेम सव्वाशे मिलिअँपिअर-अवर. हिशोब बिघडतो तो उभ्या गाडीत.

भरून झाल्यावर चार्जर काढा, रात्रभर थांबा आणि सकाळी मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली ती रिकामीच समजा. आता फुकटातली चाचणी: निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा आणि तीन दिवस गाडीला हात लावू नका. तीन दिवसांनी १२.५ च्या वर असेल आणि टर्मिनल जोडल्यावर गाडी झटक्यात सुरू झाली, तर बॅटरी निर्दोष, झिरप गाडीत आहे. टर्मिनल सुटं असूनही १२.३ किंवा त्याखाली आली, तर बॅटरीच आतून उतरते. सरळ वॉरंटी कार्ड घेऊन दुकान गाठा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं (बॅटरीतल्या पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीनं) सहाही सेल तपासा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटनं कमी, म्हणजे पाच १.२५० आणि एक १.२००, असं दिसलं तर तो सेल गेला. पाण्याची पातळी खाली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. नळाचं नाही, आणि ॲसिड तर मुळीच नाही.

टर्मिनल काढायचा क्रम: आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल तर पाना लाल होतो. हातातलं कडं, अंगठी आधी काढून ठेवा. बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी दिसत असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओता, फेस थांबेपर्यंत. सोडा सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग ब्रशनं घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आपल्याकडं जून ते सप्टेंबरच्या दमटपणात हे दर दोन महिन्यांनी बघावंच लागतं. क्लॅम्प हातानं हलत असेल तर बाकीचे सगळे आकडे व्यर्थ.

सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर मीटर धरा आणि घरच्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली जायला नको. बॅटरी ११ च्या वर राहते आणि तरी सेल्फ नुसता टकटक करतो, तर बिचाऱ्या बॅटरीला दोष नाही. अर्थिंग (निगेटिव्हचा इंजिन-बॉडीशी जोड) किंवा सेल्फ बघा. अर्थिंगसाठी मीटरची एक वायर निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ मारताना बघा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडीला जाणारी अर्थ वायर किंवा तिचा बोल्ट गंजलाय. तो उघडून पॉलिश पेपरनं घासला की अनेकदा तेवढ्यावर काम भागतं.

आता अल्टरनेटर. इंजिन सुरू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर लावून दीड-दोन हजार आरपीएमला धरा, तरी १३.५ च्या खाली जाऊ नये. १५ च्या वर सतत राहत असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, बॅटरी उकळून पाणी संपवेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येईल. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम कमी चार्ज करतो, तिथं १२.८ बघून घाबरू नका; हेडलाइट लावून पुन्हा मोजा. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा ढिला असेल तर पावसात सुरू करताना चीं आवाज येतो, तोही तपासा. अल्टरनेटरनं काम केलं की नाही हे बघायला चालू गाडीचं टर्मिनल काढून बघणारे मिस्त्री अजून आहेत. तसं करू देऊ नका. बॅटरी सुटताच व्होल्टेजची उसळी येते आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो, त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट.

इथवर सगळं ठीक निघालं तर मुख्य कामाला लागा: झोपलेली गाडी किती करंट खाते ते मोजायचं. दोन पद्धती आहेत. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर तो निगेटिव्ह केबलला अडकवा, काही सोडवावं लागत नाही. पण स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, घेताना बघून घ्या, आणि शंभर मिलिअँपिअरच्या खाली बरेचसे डीसी क्लॅम्पही गडबडतात. दुसरी पद्धत मल्टीमीटर मालिकेत जोडण्याची. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाका, निगेटिव्ह केबल काढा, मीटरचं एक टोक खुंटीला, दुसरं केबलला मगरचिमट्यानं लावा. या अवस्थेत सेल्फ मारला, किल्ली ऑन केली की मीटरचा फ्यूज उडतो.

जोडायच्या आधीची तयारी जास्त महत्त्वाची. फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचायला ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवा, आणि स्क्रू ड्रायव्हरनं त्याचं लॅच ढकलून बंद करा म्हणजे गाडीला दरवाजा लागलाय असं वाटतं. दरवाजा पुन्हा लावण्याआधी हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नका, नाहीतर कुलूप वाकतं. बॉनेटचा स्विच असेल तर तोही दाबून ठेवा. मीटर जोडून गाडी लॉक करा. मग रिमोट किल्ली घरात, गाडीपासून लांब ठेवून निदान अर्धा तास थांबा. गाडीतले कंट्रोल युनिट एकेक करून झोपतात. पहिल्या मिनिटाला दोन-तीन अँपिअर दिसतात ते बघून लोक उगाच वायरिंग उकलतात.

अर्ध्या तासानं २० ते ५० मिलिअँपिअर दिसले तर गाडी निरोगी. हिशोब बघा: ४० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला एक अँपिअर-अवर, त्यामुळं पूर्ण भरलेली ३५ ची बॅटरी दोन आठवडे आरामात निघते. ३०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला सात, म्हणजे अडीच दिवसांत अर्धी संपली. तुमच्या तीन-चार दिवसांशी हा आकडा जुळतो, म्हणून मला झिरपच वाटते.

कुठून जाते ते शोधताना एकामागं एक फ्यूज काढणं ही जुनी रीत आहे, पण काढला-घातला की युनिट जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टला धरा. शून्य म्हणजे तिथून करंट जात नाही. दहा अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर दोन-सव्वादोन मिलिव्होल्ट दिसले तर तिथून साधारण ३०० मिलिअँपिअर वाहतात. झाकणावरच्या नकाशात तो फ्यूज कशाचा ते बघा, शोध तिथून पुढं.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते बाहेरून बसवलेलं सामान. म्युझिक सिस्टीमची पिवळी वायर कायमच्या करंटला हवी आणि लाल वायर किल्लीच्या करंटला. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटला देतात. बटणानं स्क्रीन काळी होते, पण आत सेट जागाच असतो. ओळखायची खूण सोपी: किल्ली काढून खिशात ठेवली तरी बाहेरून बसवलेला सेट बटणानं चालू होत असेल तर लाल वायर चुकलीय. ॲम्प्लिफायर असेल तर त्याची निळी रिमोट वायर तपासा. पार्किंग मोडवरचा (गाडी उभी असतानाही रेकॉर्ड करणारा) डॅशकॅम दोन-चारशे मिलिअँपिअर सहज खातो. त्याच्या किटला व्होल्टेज कट-ऑफ (ठरावीक व्होल्टच्या खाली तो बंद करणारी सोय) असेल तर १२.२ किंवा वर ठेवा, ११.६ वर ठेवण्यात अर्थ नाही. जीपीएस ट्रॅकर, ओबीडी पोर्टला (गाडीची तपासणी करायच्या सॉकेटला) कायम लावलेला डोंगल, बाहेरचं सेंट्रल लॉकिंग, चिकटलेला फॉग लॅम्पचा रिले (करंटनं चालणारा स्विच), हे त्यानंतरचे. डिकीचा दिवा बंद होतो का हे बघायला मोबाइलचं कॅमेरा रेकॉर्डिंग चालू करून आत ठेवा आणि डिकी लावा.

कुठल्याच फ्यूजवर काही सापडलं नाही आणि करंट तरी जास्त, तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग). मिस्त्री बरोबर असण्याची एवढी एक शक्यता आहे: चार्जिंग अगदी चोख दाखवणारा अल्टरनेटर उभ्या गाडीत उलटा करंट गळू देतो. बॅटरीचं निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाच्या कडीला टेप गुंडाळा, पुन्हा मोजा. करंट पडला तर गुन्हेगार सापडला. चालू इंजिनवर मीटर एसी व्होल्टला ठेवून अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर त्याला दुजोरा. अशा वेळी अख्खा अल्टरनेटर घेण्याआधी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये बेंचवर लावून तपासून घ्या. अनेकदा नुसता रेक्टिफायर (डायोडांचा संच) बदलून भागतं.

गाडी सेकंडहँड असेल तर एक कोल्हापुरी शंका जरूर घ्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शहरातल्या कितीतरी गाड्यांत शिरलं. पाय ठेवायच्या कार्पेटखालचे कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवट थर, सीटच्या पट्ट्यांच्या मुळाशी वाळलेला गाळ दिसला तर झिरप एका जागी नसते, आणि दमट हवेत आकडा वर-खाली होतो. हा दोष कनेक्टर काँटॅक्ट क्लीनरनं धुऊन किंवा बदलूनच सुटतो.

दोष काढल्यावर बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करून घ्या. बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरली आणि तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि क्षमता कायमची कमी होते. चार महिन्यांच्या बॅटरीलाही हे चुकत नाही. उन्हाळ्यात उघड्यावर तापणारी गाडी असल्यानं तर आणखीच, कारण बॅटरी झिजते एप्रिल-मेच्या उन्हात आणि दगा देते जुलैत. घ्यावीच लागली तर जुन्या बॅटरीवरचा कोड जुळवा. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर यांत खुंट्या उलट्या असतात, चुकीची आणली तर केबल पोचत नाही. दुकानात पडून राहिलेली नको, तयार झाल्याची तारीख बघा, आणि वॉरंटी कार्डावर शिक्का-तारीख तिथंच मारून घ्या. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या) गाडीला मूळची ईएफबी किंवा एजीएम प्रकारची खास बॅटरी असेल तर तशीच लागते.

आकडा ४० मिलिअँपिअरच निघाला आणि बॅटरीही चांगली, तर वापरच कमी पडतोय. मग महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावा. घरापुढं उभी करून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्यानं पेट्रोल जळतं, बॅटरी भरत नाही.

तोवर रस्त्यात अडकलात तर जंपरची रीत: लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीतल्या वायूजवळ नको. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारा, वायरी उलट क्रमानं काढा. धक्का मारायची वेळ आली तर दुसरा गिअर टाका, पण बॅटरी ठार रिकामी असेल तर पेट्रोल पंपाला आणि ईसीयूलाच करंट मिळत नाही, मग सगळी गल्ली ढकलायला लागली तरी गाडी सुरू होणार नाही.